पाडायचा अधिकार आहेच, दुरुस्तीची जबाबदारी कोणाची?

पावसाळा तोंडावर आला की मराठवाड्यातल्या महापालिकांना जुन्या इमारती आठवतात. मे महिन्यात नोटिसा निघतात. मजकूर सगळीकडे साधारण सारखाच असतो : आपण राहत असलेली इमारत धोकादायक आहे, ती तात्काळ रिकामी करावी, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण स्वतः जबाबदार राहाल. कागद भिंतीला चिकटवला जातो, त्याचा फोटो काढला जातो, फोटो फाईलला लागतो. पुढच्या मे महिन्यात त्याच भिंतीवर नवा कागद येतो.

या नोटिशीचे शेवटचे वाक्य नीट वाचा. जबाबदारी आपली राहील. म्हणजे इमारत पडली तर मालकाला विचारणार नाहीत, अभियंत्याला विचारणार नाहीत, आयुक्तांना तर नाहीच नाही. ज्याला दुसरीकडे जायला जागा नाही, त्यालाच विचारणार, आणि तो तेव्हा ढिगाऱ्याखाली असणार. ही नोटीस माणसांचा जीव वाचवण्यासाठी काढलेली नसते. ती कार्यालयाची कातडी वाचवण्यासाठी काढलेली असते, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

अशा इमारतींचा विषय निघाला की एक मागणी हमखास होते. "स्थानिक स्वराज्य संस्थांना जादा अधिकार द्या, त्यांचे हात बांधलेले आहेत." दुसऱ्या बाजूला आपल्या चळवळीतले अनेक साथी म्हणतात, "महापालिकेला अधिकार देणे म्हणजे बुलडोझरची किल्ली देणे, आपला विरोध आहे." आम्हाला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. पहिली खोटी आहे आणि दुसरी अर्धवट आहे. का, ते सविस्तर मांडतो.

हात बांधलेले नाहीत

नांदेड-वाघाळा महापालिका १९९७ ची आणि लातूर महापालिका २०११ ची. दोन्ही शहरांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याचे कलम २६४ उघडून वाचा. जी इमारत मोडकळीस आली आहे किंवा पडण्याची शक्यता आहे, तिच्याबाबत आयुक्त मालकाला किंवा भोगवटादाराला लेखी नोटीस देऊन इमारत पाडायला, तिला आधार द्यायला, धोकादायक भाग काढून टाकायला किंवा दुरुस्ती करायला सांगू शकतात. कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. कलम २६८ प्रमाणे इमारत रिकामी करून घेता येते. सांगितलेले काम मालकाने केले नाही तर ते महापालिकेने करून खर्च मालकाकडून वसूल करावा, अशीही तरतूद या कायद्यात आहे.

राज्य सरकारने २०१५ मध्ये परिपत्रक काढून जुन्या इमारतींचे चार वर्ग केले. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२-अ म्हणजे काही भाग किंवा सगळी इमारत रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करायची. सी-२-ब म्हणजे लोकांना न हलवता संरचनात्मक दुरुस्ती करायची. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. चार वर्गांपैकी तीन दुरुस्तीचे आहेत, हे लक्षात घ्या.

मग प्रश्न असा की आजवर आपल्या शहरात महापालिकेने किती जुने वाडे, किती चाळी स्वतः दुरुस्त केल्या आणि त्याचा खर्च मालकाच्या मालमत्ता करात चढवून वसूल केला? माहिती अधिकारात हा एक प्रश्न टाका आणि उत्तराची वाट पाहा. कायद्यात "पाडा" आणि "दुरुस्त करा" हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी बसलेले आहेत. कार्यालयाला त्यातला एकच वाचता येतो. हा कायद्याचा तोकडेपणा म्हणता येणार नाही. हा निवडीचा प्रश्न आहे, आणि ही निवड कोणाच्या बाजूने होते ते बघायला हवे.

नोटीस कोणाला हवी असते?

नांदेडच्या इतवारा भागातले किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या मागच्या गल्ल्यांमधले जुने वाडे डोळ्यांसमोर आणा. मूळ मालकाची तिसरी पिढी पुण्याला, हैदराबादला. भावकीत वाटणीचा दावा पडलेला. खालच्या मजल्यावर दुकाने आणि गोदाम, वर आणि मागे दोन-दोन खोल्यांत भाडेकरू : हमाल, शिवणकाम करणारे, हातगाडीवाले, घरकाम करणाऱ्या बाया. त्यात बौद्ध आहेत, मातंग आहेत, मुस्लिम आहेत, गावाकडून जगायला आलेले आहेत. भाडे जुने, पावती कधी मिळते, कधी मिळत नाही. मालक भिंतीला चुना लावत नाही, पत्रे बदलत नाही, कारण त्याला घर टिकवायचे नाही. त्याला जागा मोकळी हवी आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (मराठवाड्यात त्याआधी हैदराबाद राज्याचा १९५४ चा भाडे कायदा चालू होता) याच्या कलम १४ प्रमाणे इमारत राहण्यायोग्य ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. मालकाने ती पाळली नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पण किती? वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. ज्या खोलीचे महिन्याचे भाडे दोनशे रुपये, तिथे ही रक्कम वर्षाला सहाशे रुपये होते. सहाशे रुपयांत कोणती तुळई बदलून मिळते?

त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये भाडेकरूला बाहेर काढण्याची कारणे दिली आहेत. त्यातले एक कारण असे की महापालिकेने पाडण्याचा आदेश दिला आहे म्हणून जागा ताबडतोब हवी आहे. म्हणजे मालकाने वीस वर्षे दुरुस्ती टाळायची, घर मोडकळीस येऊ द्यायचे, मग महापालिकेकडून "धोकादायक" असा शिक्का मिळवायचा आणि तोच शिक्का घेऊन भाडेकरूला रस्त्यावर आणायचे. जो दावा न्यायालयात पंधरा वर्षे चालला असता, तो एका नोटिशीने निकाली निघतो. वस्त्यांमध्ये काम करताना ही पद्धत आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली आहे. नोटीस आली की पहिल्यांदा नळ तोडला जातो, मग वीज, मग जिना. माणसे निघून जातात. त्यांचे नाव कुठल्याच कागदावर उरत नाही.

खरे तर कायदा याबाबत भाडेकरूच्या बाजूने बोललेला आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने धोकादायक इमारती रिकाम्या करताना पाळायची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि त्यातही रहिवाशांचे हक्क शाबूत ठेवले. पण हक्क शाबूत आहे हे सिद्ध करायला कागद लागतो. कोण कुठल्या खोलीत, किती चौरस फुटांत राहत होते, याची नोंद पाडण्याआधी झाली नाही तर निकालपत्र घेऊन जायचे कुठे?

"बुलडोझर नको" एवढ्याने भागत नाही

आता आपल्याच साथींशी बोलू. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांच्या पीठाने बुलडोझर कारवाईविरुद्ध निकाल दिला. आरोपी म्हणून कोणाचे घर पाडता येणार नाही, पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय पाडकाम नाही, निवारा हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आपण सर्वांनी त्या निकालाचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. पण निकालातला अपवादही वाचा. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गाची कड, नदी आणि जलाशय यांवरच्या अनधिकृत बांधकामांना ते संरक्षण लागू नाही. आपली किती माणसे नेमकी तिथेच राहतात, हे गोदावरीच्या काठाने एकदा चालत गेले तरी कळते.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. पाडकाम थांबवले म्हणजे घर सुरक्षित झाले असे होत नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत कोसळली, चाळीसच्या आसपास माणसे झोपेत गेली. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. मेलेल्यांमध्ये कोणी मंत्री, कोणी बिल्डर नव्हता. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचे छत पडून सात मुले मेली. ती गरिबांचीच मुले होती. ज्यांच्याकडे दुसरी शाळा निवडण्याची ऐपत होती, त्यांची मुले त्या छताखाली नव्हती.

म्हणून पडक्या इमारतीत राहण्याचा हक्क ही काही आपली मागणी असू शकत नाही. नोटिशीवर स्थगिती आणून विजयी घोषणा देऊन आपण घरी जातो आणि ती कुटुंबे त्याच तुळईखाली झोपतात. स्थगिती हा पहिला दिवस आहे. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची मागणी लावून धरली नाही तर आपण त्या कुटुंबांना अर्ध्या वाटेवर सोडले असे होईल.

मुंबईला मंडळ, मराठवाड्याला कागद

सरकारला हे करता येत नाही असेही नाही. मुंबई शहरातल्या जुन्या चाळींसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करून इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. पुढे ते म्हाडात आले. उपकर गोळा करायचा, त्यातून जुन्या इमारतींना टेकू द्यायचा, दुरुस्ती करायची, इमारत वाचणार नसेल तर रहिवाशांना संक्रमण शिबिरात हलवायचे. त्या मंडळाचा कारभार आदर्श आहे असे आम्ही म्हणत नाही, संक्रमण शिबिरात आयुष्य काढलेली कुटुंबे आहेत. पण तत्त्व मान्य झाले : जुने घर टिकवणे हे सरकारचे काम आहे आणि त्याला यंत्रणा व पैसा लागतो.

हे तत्त्व मुंबईच्या बाहेर का आले नाही? नांदेड आणि लातूरच्या वाट्याला आली ती २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. जुनी इमारत पाडून नवी बांधली तर वाढीव चटई क्षेत्र मिळेल. यामागचे गृहीत असे की बिल्डर नफ्यासाठी येईल आणि गरिबाला घर आपोआप मिळेल. जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे, तिथे हे गणित कदाचित जुळेल. आठ फुटांच्या गल्लीतल्या, भावकीच्या वादात अडकलेल्या वाड्यासाठी कोणता बिल्डर येणार आहे? आणि जिथे तो येतो, बाजारपेठेच्या तोंडावर, तिथे त्याला दुकाने बांधायची असतात.

घरकुल योजनांचे काय, असे कोणी विचारेल. शहरी भागात रमाई आवास योजनेतून अडीच लाख रुपये मिळतात, प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतः घर बांधणाऱ्यालाही तितकेच. पण त्यासाठी जागा स्वतःच्या नावावर लागते. भाडेकरूच्या नावावर काय आहे? वस्तीतल्या माणसाच्या नावावर काय आहे? मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या लोक कबाल्याची वाट पाहत आहेत. १९७२ च्या दुष्काळात जगायला आलेले, १९७८ च्या नामांतर दंगलीत घर जळाले म्हणून शहर गाठलेले, यांना गावानेही जमीन दिली नाही आणि शहरानेही कागद दिला नाही. ज्या नांदेड जिल्ह्याने टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंचे हौतात्म्य पाहिले, त्या जिल्ह्यात "तुझ्या जागेचा पुरावा दाखव" हा प्रश्न तांत्रिक नसतो. त्या प्रश्नाला जातीचा इतिहास आहे.

किल्लारी काय सांगते?

लातूरकरांना पडणाऱ्या भिंतींबद्दल कोणी वेगळे शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची हजारो माणसे मारली. जमीन हलली हे खरे, पण जीव घेतला तो दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. त्यानंतर याच राज्याने जागतिक बँकेचे कर्ज घेऊन ५२ गावे नव्या जागी उभी केली. म्हणजे इच्छा असली की शासनाला घरे बांधता येतात, हे आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झालेले आहे.

मात्र घरे वाटली कशी? जमिनीच्या मालकीप्रमाणे. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरच्या वर जमीन असलेल्याला ७५० चौरस फूट. भूकंपाने सगळ्यांची घरे सारखीच पाडली होती. पुनर्वसनाने ती पुन्हा उतरंडीत उभी केली. भूमिहीन कोण होते, हे मराठवाड्यात सांगावे लागत नाही. समाजशास्त्राच्या पुस्तकात जात ही संरचना आहे असे लिहिलेले असते, ती चौरस फुटांतही मोजता येते हे किल्लारीने दाखवले. उद्या नांदेड-लातूरच्या धोकादायक इमारतींचे पुनर्वसन झाले आणि ते मालकीच्या कागदावर आधारलेले असले, तर हेच पुन्हा होणार.

स्थानिक सत्ता कोणाच्या हातात?

बाबासाहेबांनी ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर भाषण केले. अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व न देता गावाच्या हाती सत्ता देणे म्हणजे त्यांना वरिष्ठ जातींच्या तावडीत देणे, अशी त्यांची भूमिका होती. केवळ मताचा अधिकार मिळाला म्हणून ते समाधानी नव्हते. स्थानिक सत्ता ही आपोआप लोकांची सत्ता होत नाही, तिथे कोण बसले आहे आणि त्याला कोण जाब विचारू शकतो, यावर सगळे अवलंबून असते. "महापालिकांना अधिकार द्या" म्हणणाऱ्यांना आमचे हेच उत्तर आहे. अधिकार जरूर द्या, पण त्या अधिकारासमोर भाडेकरू आणि वस्तीतला माणूस कुठे उभा असेल ते आधी सांगा.

७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. २०११ च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचे आणि लातूर पावणेचार लाखांच्या पुढचे शहर होते. वास्तवात दोन्ही ठिकाणी २०१७ मध्ये निवडलेल्या सभागृहांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार केला. त्या काळात ज्यांच्या भिंतीवर नोटीस लागली, त्यांनी जायचे कोणाकडे? आता निवडणुका होऊन पुन्हा नगरसेवक आले आहेत. त्यात राखीव जागांवर निवडून आलेलेही आहेत. नोटीस काढण्याचा अधिकार आयुक्तांचा असला तरी पैशाला मंजुरी स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा देते. "मला अधिकार नाही" हे नगरसेवकाचे उत्तर आता ऐकून घेऊ नका. जयंतीला कमान लावणारा हात अर्थसंकल्पात दुरुस्तीचे लेखाशीर्ष मागायला वर झाला का, हे विचारा.

आधी स्वतःची घरे पाहा

धोकादायक इमारतींचा सगळ्यात मोठा मालक कोण, असा प्रश्न विचारला तर अनेक ठिकाणी बोट सरकारकडेच जाते. सफाई कामगारांच्या वसाहती, महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा, मागासवर्गीय मुलामुलींची वसतिगृहे, दलित वस्ती निधीतून बांधलेली आणि चार-दोन पावसाळ्यांत गळू लागलेली समाजमंदिरे. नांदेडची जुनी उस्मानशाही गिरणी १९७४ मध्ये केंद्र सरकारच्या ताब्यात गेली आणि पुढे बंद पडली. बेवारस मालमत्ता खासगी मालकच ठेवतो, असे म्हणायची सोय तिथे उरत नाही.

सफाई कामगारांचे पाहा. शहर स्वच्छ ठेवणारा माणूस गळक्या खोलीत राहतो आणि निवृत्त झाला की तीही सोडावी लागेल या धास्तीत असतो. त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना आहे, २५ वर्षे सेवा केलेल्याला मालकीचे घर देण्याची. योजनेला नाव बाबासाहेबांचे आणि अंमलबजावणीला मुहूर्त नाही, हा अपमान आपण किती दिवस सहन करणार? जी महापालिका स्वतःच्या कामगाराच्या घराचे संरचनात्मक परीक्षण करत नाही, तिने दुसऱ्याच्या दारावर नोटीस चिकटवण्याआधी आरशात पाहावे.

आमच्या मागण्या

१. महापालिका, जिल्हा परिषद आणि समाजकल्याणच्या सर्व इमारतींचे संरचनात्मक परीक्षण आधी करा आणि अहवाल त्या-त्या इमारतीच्या दारावर लावा.

२. खासगी इमारतीत गरीब भाडेकरू असतील तर परीक्षणाचा खर्च महापालिकेने करावा, मालकाकडून वसूल करावा. अहवालाची मराठी प्रत प्रत्येक रहिवाशाला द्यावी.

३. रिकामी करण्याच्या नोटिशीआधी पंचनामा व्हावा. प्रत्येक कुटुंबाचे नाव, मजला, खोली आणि क्षेत्रफळ यांचे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र दिल्याशिवाय एकही वीट काढू नये.

४. मालक दुरुस्ती करत नसेल तर महापालिकेने ती करावी आणि रक्कम मालमत्ता कराची थकबाकी म्हणून त्याच्या मालमत्तेवर चढवावी. यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष हवे.

५. दोन्ही शहरांत संक्रमण निवासाची सोय करा. पर्यायी निवारा नसताना पावसाळ्यात घर रिकामे करायला लावणे बंद करा.

६. मुंबईच्या दुरुस्ती मंडळासारखी यंत्रणा मराठवाड्यातल्या शहरांसाठी कायद्याने उभी करा.

७. धोकादायक इमारतींचा निर्णय प्रभाग समितीसमोर, रहिवाशांच्या उपस्थितीत व्हावा.

आपण काय करायचे?

युवा साथींनो, पुढच्या मे महिन्यात नोटिसा पुन्हा निघतील. तेव्हा मोर्चाची तारीख ठरवायच्या आधी चार कामे करा. नोटिशीचा फोटो घ्या आणि इमारत कोणत्या वर्गात टाकली आहे, परीक्षण कोणी केले, हे लेखी विचारा. प्रत्येक खोलीतल्या कुटुंबाचे मतदार कार्ड, रेशन कार्ड, वीजबिल, भाड्याची पावती एका फाईलला लावा. खोलीचे माप टेपने स्वतः घ्या, व्हिडिओ करा, रहिवाशांच्या सह्या घ्या. आणि आयुक्तांना द्यायच्या निवेदनात "पाडू नका" एवढेच लिहू नका. "कलम २६४ प्रमाणे दुरुस्त करा आणि खर्च मालकाकडून वसूल करा" असे लिहा, आवक क्रमांक घ्या.

बाबासाहेब परळच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिले. ती चाळ बांधणारा मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झाला आणि आरोग्याच्या नावाखाली त्याने बांधल्या त्याहून जास्त गरिबांच्या खोल्या पाडल्या. सव्वाशे वर्षांनंतरही कारण तेच दिले जाते : तुमच्याच भल्यासाठी, तुमच्याच सुरक्षेसाठी. सुरक्षा आपल्याला हवीच आहे. ती घराच्या बदल्यात घेणार नाही, घरासकट घेऊ. आणि इमारत पडलीच, तर जबाबदारी कोणाची, हे नोटिशीच्या शेवटच्या ओळीत महापालिकेने स्वतःचे नाव घालून लिहावे, इतका दबाव या पावसाळ्याआधी उभा करू.

जय भीम! जय संविधान!